दुसरी गोळी

"दाजी, उजवीकडे म्हटलं मी. उजवीकडे!"

वॉकी-टॉकीवर मेहुण्याचा आवाज कडाडला, तेव्हा स्लॅब डावीकडे सरकायला लागली होती. क्रेनवाल्याने दांडा झटक्यात मधे आणला. खाली, अर्धवट इमारतीच्या माथ्यावर, स्लॅब धरायला उभे असलेले दोन मजूर मागे उडी मारून खांबाला चिकटले होते.

"कळलं! कान फुटले नाहीत माझे," तो खेकसला.

मेहुण्याशीच काय, तो कोणाशीच कधी असं बोलत नसे. साइटवर सगळे त्याला घारोबा म्हणत. सकाळी वर चढला की दिवसभर घारीसारखा तिथेच, आणि तोंडातून शब्द नाही. खालून इशारे द्यायचं काम त्याच्या बायकोच्या धाकट्या भावाकडे होतं. "दाजींचं खरं लग्न माझ्याशी झालंय," मेहुणा सगळ्यांना सांगायचा, "ताई नुसता डबा भरते."

आज तो भरलेला डबा खाली शेडमध्येच पडून होता. मुद्दाम.

घारोबाने तळहात पँटला पुसला. लगेच पुन्हा ओला झाला. केबिनमध्ये काचेतून ऊन येत होतं, पण हा घाम उन्हाचा नव्हता. गार होता. बोटं थरथरत होती. पोटात भुकेचा असा गोळा उठला होता की सीटचं रेक्झिनसुद्धा खाल्लं असतं.

हे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून देतानाच बजावलं होतं, "ही साखर उतरवते. घेतली की जेवायचंच. जेवण चुकलं तर साखर फार खाली जाईल. घाम सुटेल, हात कापतील, डोकं चालेनासं होईल. तेव्हा आधी साखर तोंडात टाकायची, मग बाकीचं."

त्याने मान हलवली होती. गोळ्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या होत्या आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगावं तर ती भावाला सांगणार, आणि भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारच्या क्रेनवर एक माणूस होता. तपासणीत त्याची साखर निघाली आणि त्याला खाली उतरवलं. आता तो गेटचा अडसर वर-खाली करतो. जाता-येता लोक त्याला हात करतात, थांबत मात्र कोणी नाही.

उद्या सकाळी घारोबाची तपासणी होती. दुखणं लागल्यापासूनची पहिली. म्हणून आज त्याने पोट रिकामं ठेवलं, सकाळची गोळी घेतली आणि वर आल्यावर आणखी एक. एका गोळीने साखर उतरते तर दोन गोळ्यांनी चांगली वठणीवर येईल, असा सरळ हिशेब. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून दोन घास खाऊ, असंही मनात होतं. पण वारा वाढणार म्हणून मुकादमाने सुट्टी पुढे ढकलली. शेवटची स्लॅब बसवा आणि मगच जेवा.

"दाजी, बरं आहे ना?" मेहुण्याचा आवाज आता जपून आला.

"ऊन लागलंय जरा."

मधेच मुकादम बोलला, "पाणी प्या घारोबा, पाच मिनिटं टेका, आणि मग उरकून टाका. वारा थांबायचा नाही आपल्यासाठी."

तो पाणी प्यायला. बाटलीचं तोंड दातांवर आपटलं. पाण्याने काय होणार? समोर साखळीला टांगलेल्या एका स्लॅबच्या दोन झाल्या होत्या, आणि त्यातली खरी कोणती ते कळेना. वाऱ्याने ती हळूहळू फिरत होती. ते दोघे मजूर पुन्हा पुढे आले होते, हात वर करून तिची वाट बघत होते. एकाने काहीतरी म्हटलं असावं, दुसरा हसला. त्यांचा घारोबावर भरवसा होता. त्याची क्रेन कधी चुकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आपण काय करत होतो, हे तो एक क्षण विसरला. दांडा हातात, पण तो कशाचा? मग आठवलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

वॉकीची लाइन एकच. जे बोलेल ते मेहुण्याला ऐकू जाणार, मुकादमाला, ऑफिसातल्या साहेबांना आणि गेटवरच्या त्या माणसालाही. झाकली मूठ इथे उघडली की उघडलीच. ऊन लागलंय म्हणून आणखी थोडं बसता येईल. पण खालून कोणी साखर पाठवणार नाही. आणि इथे शुद्ध गेली, तर हात कुठे पडेल?

त्याने बटण दाबलं. जीभ जड झाली होती.

"माणसं हटवा. स्लॅबखालची माणसं हटवा."

"काय झालं?" मुकादम.

"ऊन नाही. मला शुगर आहे. गोळी घेतलीय. दोन घेतल्यात. जेवलो नाही." श्वास घेऊन तो म्हणाला, "साखर हवी. साधी साखर."

मग मुकादम ओरडला, वॉकीत नव्हे, नुसता तोंडाने, आणि तरी वरपर्यंत ऐकू आलं. ते दोघे पळत बाजूला झाले.

"आधी स्लॅब मोकळ्या जागेत टेकवतो," घारोबा म्हणाला. "मला नीट दिसत नाहीये. तू बोलत राहा रे. थांबू नको."

"बोलतोय दाजी. उजवीकडे घ्या. अजून. हळू. ताईने आज काय दिलं होतं डब्यात? अजून थोडं उजवीकडे. बास. आता खाली. खाली. तुम्ही नाही खाल्लं तर मी खाणार, सांगून ठेवतो. खाली येऊ द्या. वारा आला, थांबा. थांबा म्हटलं! हां. आता सोडा. हळू, हळू... टेकली. दाजी, टेकली. दांड्यावरून हात काढा."

त्याने हात काढला. पंजा अजून दांडा धरल्यासारखाच वाकलेला होता.

मेहुणा धापा टाकत वर आला. शेडमधला चहाच्या साखरेचा डबाच त्याने शर्टात कोंबून आणला होता. मूठभर साखर त्याने घारोबाच्या तोंडात अक्षरशः भरली. निम्मी हनुवटीवरून सांडली. पुन्हा भरली. वर पाणी पाजलं. मग केबिनच्या दारात फतकल मारून बसला.

हळूहळू समोर दुहेरी दिसणारं सगळं पुन्हा एक झालं.

"ताईला माहीत आहे?" मेहुण्याने विचारलं.

"नाही."

"गोळी चोरून खायला ती काय मिठाई आहे?" त्याचा आवाज चिरकला. "मला तरी सांगायचं."

"तुला सांगायचं म्हणजे भोंग्यावर सांगायचं."

"आणि आता कशावर सांगितलंत?"

घारोबाला हसू आलं. तोंडातली साखर बाहेर आली.

"उद्या तपासणीला मी येतो बरोबर," मेहुणा म्हणाला.

"आता कसली तपासणी? सगळ्यांनी ऐकलं."

मेहुण्याने उठून केबिनच्या काचेवर उडालेली साखर बाहीने पुसली.

"चला. मी खाली राहतो, तुम्ही माझ्यावर."

शिडी उभी होती. इतकी वर्षं घारोबा तिच्याकडे न बघता उतरायचा. आज मेहुणा त्याचा एकेक बूट हाताने धरून पायरीवर ठेवत होता. "हा ठेवला. आता दुसरा." वॉकी खरखरला. मुकादम म्हणाला, "घारोबा, सावकाश या. शिडी कुठे पळून जात नाही."

निम्म्यात थांबून त्याने खाली पाहिलं. जेवणाची सुट्टी झाली होती, पण जेवायला कोणी गेलं नव्हतं. सगळी साइट क्रेनच्या पायथ्याशी जमली होती. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून वर मात्र कोणी पाहत नव्हतं. कोणी हेल्मेटचा पट्टा नीट करत होता, कोणी बुटावरचं सिमेंट खरवडत होता, आणि एकजण चांगली बांधलेली दोरी पुन्हा सोडून बांधत होता.