नितेशची एका दिवसाची सहल

परदेशी बोट मुंबईला लागते ती फक्त दिवसभरासाठी. सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. तेवढ्या वेळात बसगाड्या भरभरून गोऱ्या म्हाताऱ्यांना शहर दाखवायचं, जेवायला घालायचं, चार शाली विकत घ्यायला लावायच्या आणि वेळेत परत बोटीवर चढवायचं, हे माझं काम. मरोळला आमचं ऑफिस आहे. लोकांना वाटतं मी गाईड आहे. मी गाईड नाही. गाईड बडबडतो, त्याने कुठे उभं राहून बडबडायचं ते मी ठरवते.

या धंद्यातली खरी अक्कल एवढीच, की बोटीवरून उतरलेला माणूस शहर बघत नाही, आपण दाखवू तेवढंच बघतो. नाला कुठल्या खिडकीतून दिसतो ते आधी बघून ठेवायचं आणि बस दुसऱ्या रस्त्याने न्यायची. सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्यांदा दाखवायची, कारण दुपारी माणूस थकतो आणि मग त्याला सगळंच खटकायला लागतं. एका जागी फार वेळ बसू द्यायचं नाही. आणि काय बघायचं राहिलं, ते चुकूनसुद्धा सांगायचं नाही. मला हे छान जमतं. इतकं छान जमतं याचा आता मला संताप येतो.

माझा धाकटा भाऊ नितेश अशाच एका बोटीवर वेटर आहे. या खेपेला तो गेला तेव्हा आई धडधाकट होती. नंतर तिच्या पोटात दुखायला लागलं, मग तपासण्या झाल्या, मग दोन केमो झाल्या, आणि मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खायला द्या. असं कधी सांगतात ते आमच्या जोगेश्वरीच्या अख्ख्या बिल्डिंगला कळतं. एकट्या नितेशला काही कळलं नव्हतं, कारण बाबांनी सांगू दिलं नव्हतं.

माझे आजोबा धोंडू मालवणकडच्या गलबतावर होते. त्यांच्याबरोबरच्या एकाला बंदरात निरोप मिळाला, की मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी तो डोलकाठीवरून खाली पडला आणि मेला. तेव्हापासून आमच्या घराण्यात नियम आहे: दर्यावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. बाबांनी आयुष्यभर गिरणीत आणि मग मरोळच्या कारखान्याच्या गेटवर नोकरी केली, गलबत त्यांनी चित्रात पाहिलं असेल. पण नियम मात्र घट्ट धरून ठेवलाय. "बाबा, तो डोलकाठीवर नाही चढत, तो सूप वाढतो," असं मी ओरडून सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

मग नितेशचा फोन आला, की त्याची बोट मुंबईला लागणार आहे आणि त्याला दिवसाचा पास मिळालाय. मला वाटलं, सुटलो.

"आता तर सांगायचं ना?" मी बाबांना म्हटलं. "आता तो जमिनीवर असेल."

"सांजेक परत दर्यार जातलो. मगे?" बाबा म्हणाले.

"जाणारच नाही तो! राहील इथे."

"आणि नोकरी? चेडवा, तुका काय कळता? गप ऱ्हव."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "माका फकस्त बघूक दी त्याका. हसतो जाऊंदे." आणि विषय संपला. आमच्या घरात आई मरत असली तरी तिचं ऐकायचं, आणि मरत असली की जास्तच ऐकायचं. मला ते पटलं नव्हतं, अजून पटत नाही. पण एकदा करायचं ठरलं, की नीट करायचं, हा माझा धंद्याचा रोग आहे.

मी रजा टाकली. आमच्या क्षमा मॅडम म्हणाल्या, "अगं, त्याच बोटीच्या तीन बसेस आहेत आपल्याकडे आणि तू रजेवर?" मी म्हटलं, त्याच बोटीचा एक माणूस माझ्याकडे आहे.

आई दिवसाचे जेमतेम दोनेक तास उठून बसू शकायची. म्हणजे तेवढे तास नितेशला द्यायचे आणि बाकीचा दिवस त्याला बाहेर काढायचं. तो बाहेर असेल तेव्हा ती पडून राहील. आधी जोगेश्वरी देवीच्या गुंफेत ओटी भरायची, मग दिंडोशीला सोनूबाई मावशीकडे जायचं. मावशीला सगळं माहीत होतं आणि ती रडकी आहे, म्हणून तिला आधीच दम भरून ठेवला. भाड्याने आणलेली दवाखान्याची खाट आदल्या दिवशी समोरच्या दर्शनावहिनीकडे हलवली. औषधं गेली, लघवीचं भांडं गेलं, चादरींना येणारा तो वासही फिनेल टाकून घालवला. दुखण्याची गोळी किती वाजता दिली, की आई सगळ्यात ताजी दिसते, हे डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांना वाटलं, घरात लग्न आहे.

आणि मग आई. दोन परकर, ब्लाउजच्या आत बाबांचा बनियन, त्यात कापूस. डोक्याला गंगावनाचा अख्खा टोप, त्यावर अबोलीचा गजरा. गालांना श्वेताने, म्हणजे दर्शनावहिनीच्या मुलीने, रंग लावला; ती पार्लरमध्ये काम करते. आरशात बघून आई म्हणाली, "गे बाय, लग्नात पण इतकी बरी दिसलंय नाय." आम्ही सगळ्या हसलो. श्वेता हसता हसता बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिली.

नितेश दारात आला तेव्हा आई शेगडीपाशी उभी होती. हे मी मुद्दाम ठरवलं होतं. सगळे घावणे दर्शनावहिनीने आधीच घालून ठेवले होते, शेवटचा एक तेवढा आईसाठी ठेवला होता. तो आत शिरला, तिने उलथन्याने घावणा काढला आणि वळून म्हणाली, "इलंस रे पुता? हात धू." बाबा तिच्या पाठीमागे, ती कलंडली तर धरायला, असे उभे होते, आणि नितेशला वाटलं ते घावण्यासाठी ताट घेऊन उभे आहेत.

"आयला, काय वास सुटलाय!" तो म्हणाला आणि त्याने तिला मिठी मारली. मी तिच्या ब्लाउजकडेच बघत होते. पण कापूस व्यवस्थित बसला होता.

मग ती बसली आणि तो तिच्याजवळ बसून जेवला. काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा घेतली. बोटीवरच्या गमती सांगितल्या. एक म्हातारी रोज तीन आइस्क्रीम मागते आणि मग डायबेटिसची गोळी मागते, वगैरे. त्याने आईचा हात हातात घेतला होता आणि बोलताना तो हलवत होता. आई हसत होती. "तू नाय जेवणस?" त्याने विचारलं. "माझा उपास आसा," ती म्हणाली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनेच रचलं.

तिच्या कपाळावर घाम यायला लागला तसं मी म्हटलं, "चल रे, देवळात गर्दी होईल." आम्ही निघालो. दार लागताच आत काय झालं असेल, ते मला माहीत होतं. देवळात तो बराच वेळ हात जोडून उभा होता. मावशीने शब्द पाळला; रडली, पण तो आल्याच्या आनंदाने रडतेय असं वाटेल इतपतच. परत आलो तर आई पुन्हा रंग लावून, उशीला टेकून, "दुपारची झोप झाली" म्हणत बसली होती. तो तिच्या पाया पडला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. एकही अश्रू आला नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी बिनचूक सहल झाली नव्हती.

गाडीने त्याला गोदीपर्यंत सोडायला मीच गेले. पवईच्या पुढे तो म्हणाला, "तायडे, खरं सांगू? जाम फाटली होती माझी."

"का?"

"व्हिडिओवर आई नीट दिसायचीच नाही यार. आवाज पण बारीक. मला वाटलं, तुम्ही लोक काहीतरी लपवताय. मी क्रू ऑफिसमध्ये बोलून ठेवलेलं. ती बरी नसली तर मी इथेच साइन ऑफ करून घरी येणार होतो. बॅगसुद्धा भरून ठेवलीय बोटीवर." तो हसला. "आता जाऊन रिकामी करतो ती. ते चार महिने एक्स्टेंड कर म्हणतायत, करून टाकतो. आई एकदम झकास आहे."

खिडकीबाहेर मिठागरं जात होती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, बाबांच्या मारावीशी वाटली, स्वतःच्या तर वाटलीच. पुढे फ्रीवे मोकळा होता. एरवी मोकळा फ्रीवे दिसला की मला बरं वाटतं.

"नित्या," मी म्हटलं.

"काय गं?"

बाबा डोळ्यांसमोर आले. आई आली, त्या टोपात, त्या रंगात. हसत जाऊ दे म्हणाली होती.

"पास हातात काढून ठेव," मी म्हटलं. "गेटवर उगाच वेळ जातो."

गेटवर त्याने मला घट्ट धरलं. "सिग्नल असेपर्यंत फोन करतो," म्हणाला आणि उड्या मारत आत गेला.

घरी पोचले तेव्हा खाट परत आली होती. आईचा टोप खुंटीला होता आणि तिचं डोकं उशीवर एवढंसं दिसत होतं. रंग पुसताना श्वेताने अर्धवट सोडला होता, कारण आईला हात लावला तरी दुखत होतं. बाबा पायाशी बसले होते.

"गेलो?" आईने विचारलं.

"गेला."

"त्याका कळूक नाय मा?"

"नाही."

"बरा झाला," बाबा म्हणाले.

आई छताकडे बघत म्हणाली, "माका वाटला होता, वळखतलो. इतको वेळ हात हातात घेऊन बसलो. बोटां बघूक नाय त्यान माजी." तिने स्वतःची बोटं वर धरली. नुसती हाडं होती. बोटांचा मी विचारच केला नव्हता, आणि तरीही ती त्याला दिसली नव्हती. "माज्या पोटचो तो. माका वाटला, कितीय लपवला तरी वळखतलो."

आम्ही सगळ्यांनी मिळून दिवसभर काय केलं, ते मला तेव्हा कळलं. बाबांना कळलं की नाही, ते देवाला माहीत. ते चादर सरळ करत बसले.

तेवढ्यात फोन वाजला.

"तायडे, सुटली बोट! डेकवर आहे मी. गेटवे दिसतोय. आईला—"

"नित्या, आई मरतेय," मी म्हणाले. "कॅन्सर आहे. महिनाभर पण नाही काढणार. आज तू जे बघितलंस ते सगळं खोटं होतं. बॅग रिकामी करू नकोस. पुढच्या बंदराला, कोलंबोला उतर आणि विमानाने ये. ऐकतोयस?"

बाबा उभे राहिले.

"आईला फोन दे," नितेश म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

मी फोन आईच्या कानाला लावला. मला वाटलं, आता ती रडेल, ये म्हणेल. तिने डोळे मिटले, एक मोठा श्वास आत ओढला, आणि सकाळी शेगडीपाशी होता तोच आवाज काढला. खणखणीत.

"अरे काय नाय रे पुता! ह्या चेडवाचा डोक्या फिरलाहा. तू चार म्हयने वाढवतंस म्हणान राग इलो तिका. मी बरी आसंय. आता भाकरी थापतंय. तू जेव वेळेवर. सांभाळून ऱ्हव."

चार महिन्यांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. मी परतीच्या गाडीत असतानाच त्याने बाबांना मेसेज टाकला होता आणि बाबांनी तो तिला सांगितला होता.

तिने फोन माझ्याकडे दिला आणि माझं मनगट धरलं. त्या बोटांत इतका जोर कुठून आला, कोण जाणे. "तो दर्यार गेलो आता," ती पुटपुटली. "परत बोललंस तर माजी शपथ हा तुका."

मी फोन कानाला लावला. नितेश हसत होता. धाप लागल्यासारखा, सुटल्यासारखा हसत होता.

"काय यार तायडे! हार्टच बंद पडलं असतं माझं. असं कोणी बोलतं का आईबद्दल? स्वतः उभी राहून घावणे घालते ती, नि तू... वेडी आहेस का गं? बरं, ऐक, तू रागावू नको, मी येतोच ना—"

आणि सिग्नल गेला.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा माझ्यासमोर आले.

"काय म्हणालो?" त्यांनी विचारलं.

"हसला," मी म्हटलं.