झोळीतलं वजन

मित्रांनो, शाहूपुरीतल्या एका संस्थेच्या कचेरीत दारामागच्या खिळ्याला जो गंजका काटा टांगलाय ना, तो मी. मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या आकड्याला झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं, की माझी सुई सरकायची.

कारखान्यातून निघालो तो थेट या संस्थेच्या वर्षाराणी सिस्टरांच्या पिशवीत. कागल एमआयडीसीजवळच्या कामगारांच्या खोल्यांत, ओल्या बाळंतिणींच्या घरी आम्ही जायचो. काय दिवस होते ते! आमची चाहूल लागली की चहाचं आधण चढायचं. बाळं मात्र झोळीत पडल्या पडल्या भोकाड पसरायची. मला त्याचंही कौतुकच वाटे.

मग नवा नियम आला. नुसत्या भेटींना पैसे नाहीत; बाळांची वजनं ठरल्याप्रमाणे भरली, तरच सरकार संस्थेला पैसे देणार.

त्याच खोल्यांत तेजस्वी नावाची एक ओली बाळंतीण होती. हे तिच्या सासूच्या, धोंडुबाईंच्या कानावर गेलं. तेजस्वीचं बाळ अगदीच तोळामासा. पुढच्या खेपेला ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. "वारं लागंल, सोडू नगा," धोंडुबाईंनी दटावलं. सुई झपकन पुढे गेली. सिस्टर हरखल्या; मला मात्र झोळी भलतीच जड लागत होती. इतक्यात बाळानं पाय झाडले आणि आत छुमछुम वाजलं.

दुपटं सोडलं, तर अंगावर चांदीचा करदोडा, बिंदल्या आणि शेजारणींकडून मागून आणलेले वाळ्यांचे तीन जोड!

"वजन न्हाय भरलं तर तुमचा पैसा बंद हुतोय म्हनं," धोंडुबाईंचा आवाज चढला. "मग तुमी कशाला येताय आमच्या दारात? माझ्या सुनंनं इचारायचं कुनाला?"

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, चांदीला दूध लागत न्हाई, बाळाला लागतंय. खरं वजन कळल्याबिगर मी काय करू?"

उघडं बाळ तोललं. सुई खालीच राहिली. सिस्टरांनी तेच लिहिलं, संस्थेत बोलणी खाल्ली आणि सुट्टीच्या दिवशीही त्या खोलीवर गेल्या. तेजस्वीजवळ मांडी घालून बसल्या, बाळाला नीट पाजायला शिकवलं. हळूहळू बाळानं बाळसं धरलं. तेव्हा धोंडुबाईंनी त्याच्या कमरेचा काळा दोरासुद्धा सोडून त्याला माझ्या झोळीत ठेवलं.

आता माझी स्प्रिंग सैल झालीय. सिस्टर नवा डिजिटल काटा नेतात. त्या दाराबाहेर पडल्या की मी खिळ्यावरून त्यांची पावलं ऐकत राहतो.

मित्रांनो, मागणं एकच. बाळ गुटगुटीत झालं की त्या घरी पेढे खायला सगळेच जातात. जिथं सुई खालीच राहिली, तिथली वाट मोडू देऊ नका.