चार बोटांची सूट

माझे सासरे दिलावर यांनी उरसासाठी पहिल्यांदा छोट्या मोटारी केल्या, तेव्हा त्या एका गोल फिरत्या पाटावर पक्क्या बसवलेल्या असायच्या. स्टेअरिंगही पक्कं. लेकरं दोन फेऱ्यांतच कंटाळायची. मग त्यांनी स्टेअरिंग मोकळं केलं. ते गरगर फिरायचं, पण मोटारीला त्याचं काही नव्हतं.

माझ्या नवऱ्यानं, मुजाहिदनं, पालीजवळच्या एका बागेसाठी वळणावळणाचा रस्ता केला. मधोमध लोखंडी पट्टी, तीच मोटारीला नेते. मीच म्हणाले होते, "स्टेअरिंगला जराशी सूट ठेवा की. डावीकडं फिरवलं तर थोडी डावीकडं जाऊ द्या. लेकराला वाटंल, आपणच चालवतोय."

त्यानं चार बोटांची सूट ठेवली. त्यापुढं गेली की पट्टी मोटारीला हळूच माघारी आणते.

आमच्या गौसियाला तसंच वाटलं. मी मोटार चालवते, असं बालवाडीभर सांगून आली.

एका रविवारी बागेत तिच्या पुढच्या मोटारीची साखळी उतरली आणि ती जागीच थांबली. मागून गौसियाची आदळली. पुढच्या मोटारीतल्या प्रवीणचा ओठ फुटला. त्याची आजी, चौसाळ्याच्या चंद्रभागाबाई, पदरानं त्याचं तोंड पुसत हसून म्हणाल्या, "काय गं बया, लायसन कुणी दिलं तुला? ठोकलंस न्हवं माझ्या नातवाला!"

त्यांनी थट्टाच केली. पण गौसिया घरी आली ती दारामागं जाऊन बसली. जेवेना. दोन्ही हात काखेत दाबून धरलेले.

"अम्मी, मी नीट चालवली न्हाई. लई रक्त आलं त्याचं."

मी मुजाहिदला म्हणाले, "सांगा तिला."

"काय सांगू? उद्या समद्या लेकरांना कळलं तर?"

"आपलं लेकरू तोंड लपवून बसलंय, ते बघा आधी."

तो तिला वर्कशॉपात घेऊन गेला, मीही मागोमाग गेले. दुरुस्तीला आणलेली मोटार आडवी करून खालची खाच दाखवली. "हे बघ बेटा, हितं पट्टी बसती. तीच नेती गाडीला. तुझी काय बी चूक न्हाई."

गौसियानं खाचेत बोट घालून पाहिलं. स्टेअरिंग फिरवलं. चाकं जरा हलली आणि अडली. तिनं पुन्हा फिरवलं.

"म्हंजे मी कवाच चालवली न्हाई?"

मुजाहिद फडक्यानं हात पुसत राहिला.

"अब्बू, तुमी तर म्हणायचे, लई भारी चालवलीस."

मी वाकून मोटार सरळ करायला लागले.

पुढच्या रविवारी ती मोटारीत बसली नाही, कठड्यापाशी उभी राहिली. एक चिमुरडी उतरली, घामानं लाल झालेली. "मी वळवली! बघितलं का तू?"

गौसियानं आमच्याकडं पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं. खरं तर सांगावंच, असं वाटलं.

"लई भारी चालवलीस," ती म्हणाली. अगदी बापाच्या आवाजात.

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अम्मी, न्हाई सांगितलं मी."

तिला शाबासकी हवी होती. मुजाहिद पाठ फिरवून पुढच्या लेकराचा पट्टा लावायला गेला. मला तिच्याकडं बघवेना.