हिरव्या जाकिटाच्या पट्ट्या

"ते हिरवं कुणाचं गं?" डॉटने विचारलं.

कलादालनाच्या भिंतीवर नॉर्माचा चिंध्यांचा गालिचा टांगला होता. कोळसा खाणकामगारांच्या वर्षभर चाललेल्या संपाला चाळीस वर्षं झाली म्हणून गावातल्या अठ्ठावीस घरांनी त्या वेळचा एकेक कपडा दिला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या नॉर्माने दोन हिवाळे खपून त्यांच्या पट्ट्या दाभणाने गोणपाटात खोचल्या होत्या. शहरातले पाहुणे त्याला कलाकृती म्हणत होते. गावच्या बाया आपापल्या माणसाचा कपडा शोधत होत्या.

"ॲलेकचं," नॉर्मा म्हणाली.

आजूबाजूच्या बाया वळून बघू लागल्या. ॲलेक तिचा धाकटा भाऊ. संपाच्या अकराव्या महिन्यात, बायकोचे दिवस भरले होते तेव्हा, तो पोलिसांच्या पहाऱ्यात कामावर गेला. त्यानंतर मरेपर्यंत गावात कुणी त्याच्याशी बोललं नाही.

"संपफोड्याचं जाकीट माझ्या रॉनच्या शर्टाला लागून?" डॉटचा आवाज खाली आला. "त्या संपापायी माझा नवरा तुरुंगात गेला होता, नॉर्मा. काढ ते."

"मी नाही काढणार. त्याच्या दारावरून मीही मान फिरवून जायचे. सख्खी बहीण असून. तुला काढायचं तर तू काढ."

दालनात काम करणारी मुलगी धावत आली. नॉर्माने तिला हातानेच थांबवलं.

डॉटने एक हिरवी पट्टी ओढली. दुसरी. तिसरी. तशा शेजारच्या रॉनच्या निळ्या पट्ट्याही सैल होऊन लोंबू लागल्या. गाठ कशालाच नव्हती. दाटीवरच सगळं टिकलं होतं. डॉटने निळ्या पट्ट्या अंगठ्याने आत दाबल्या. त्या परत बाहेर आल्या.

"दाभण आहे?" तिने नॉर्माकडे न बघता विचारलं.

नॉर्माने पर्समधून काढून दिलं. डॉटने निळं खोचलं. ते राहीना. शेवटी तिने एक हिरवी पट्टी पुन्हा आत खोचली, घट्ट. उरलेल्या दोन कोटाच्या खिशात घातल्या, दाभण नॉर्माच्या हातात दिलं आणि बाहेर पडली.

"मी दुसऱ्या पट्ट्या आणून देऊ का?" मुलीने हळूच विचारलं.

"नको," नॉर्मा म्हणाली. "राहू दे तसंच."

निळ्याच्या शेजारी, दोन बोटं रुंद, गोणपाट दिसत होतं.