टॉवेलाखालचं जग

स्नेहल पाणी प्यायला आत गेली तशी संपतनं तिच्या लॅपटॉपवर टोमॅटोच्या जकातीला तीन शून्यं जास्तीची ठोकली, अन् पेपर तोंडापुढं धरून साळसूद बसला.

लेकीच्या त्या यंत्रात म्हणे सगळं जग होतं. एका देशानं जकात वाढवली की बाकीचे कसे हलतात, ते यंत्र हिशोब करून दाखवायचं. असली जगं बांधायच्या कामाला तिला हॉलंडातून बोलावणं आलं होतं. संपत बेल्ह्याच्या बाजारातला बैलांचा दलाल, भल्याभल्यांना टोपी घालणारा. पण महिना झाला, लेकीला ना हो म्हणवत होतं, ना नाही. यंत्रच बसलं तर जाणं टळेल, एवढाच त्याचा डाव.

स्नेहल आली, तिनं कळ दाबली. पडद्यावर लाल अक्षरं.

"दादा, जग कुणी बुडवलं?"

"आमी न्हाई ब्वा. अमेरिकेनं बुडवलं असंल. तिचं लक्षणच दिसत व्हतं."

"अमेरिकेला नारायणगावच्या टोमॅटोचा एवढा राग?"

हसत हसत तिनं शून्यं खोडली. जग जागेवर आलं. संपतनं पेपरची घडी घातली, मोडली, परत घातली.

"बरं, ह्यातलं एक माणूस इथनं उचलून तिकडं ठेव. काय हलतंय बघू."

"एका माणसानं काही हलत नाही, दादा. मोजण्यातच येत नाही ते."

"लईच मोठं जग हाय राव तुझं."

संपतची बायको साळुबाई चहा घेऊन आली. "हो का नाय ते सांगून टाका की! पोरीला किती टांगून ठेवताय?"

संपतनं खांद्यावरचा टॉवेल काढून लेकीच्या हातावर टाकला, अन् खाली आपला हात घातला. बैलाचा भाव असाच ठरतो, बोटं धरून, बघणाऱ्याला पत्ता लागू न देता. लहानपणी गोळ्या-बिस्किटांसाठी दोघं हाच खेळ खेळायची.

"बोल. किती वरसं?"

तिनं त्याची चार बोटं धरली. त्यानं दोन सोडवून घेतली. तिनं एक परत पकडलं. टॉवेल हलायचा थांबला.

"किती ठरलं?" साळुबाईनं विचारलं.

"सौदा झाला एवढंच सांगत्यात. भाव नसत्यात सांगत."

सौदा झाला की हात सोडायचा, ही बाजाराची रीत. चहावर साय धरली, तरी टॉवेल तिथंच होता.