फिल्टर साफ होता

करवतीने डिझेलचा फिल्टर कापून काकांनी आतला चुण्यांचा कागद वर्तमानपत्रावर उलगडला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. फिल्टर बदलायची वेळ झाली नव्हती. इंजिनाची काही तक्रारही नव्हती. तरी आज नवा बसवून जुना त्यांनी फाडला होता आणि एकेक चुणी अंगठ्याने उघडून ते बघत होते. धान्यात खडे बघतात तसे. फरक एवढाच, की धान्य निवडणाऱ्याला खडा निघू नये असं वाटत असतं.

“काय हरवलंय, काका?” शेडच्या दारातून वॉचमनने विचारलं.

“काही नाही.”

“मग सापडायचं कसं?”

एरवी काकांनी याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आज त्यांनी पुढची चुणी उघडली, तेव्हा वॉचमनच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांची बायको याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावरच्या आयसीयूत गेली, त्याला महिनाही झाला नव्हता. चहा सांगतो म्हणून तो जो सटकला, तो परत आलाच नाही. चहाही आला नाही.

काका हॉस्पिटलचा जनरेटर सांभाळत. लाईट असली की त्यांची कुणाला आठवण यायची नाही, आणि लाईट गेली तरी यायची नाही, कारण ती लगेच परत यायची. चोख केलं तर केल्याचं दिसू नये, अशातलं काम. म्हणजे संसारच की, असं बायको म्हणायची.

काम दिसत नसलं तरी होतं भरपूर. पूर्वीचं डिझेल टाकीत पडून राहिलं तरी मुरायचं, आताचं नासतं. त्यात हल्ली वनस्पतींच्या तेलापासून केलेलं डिझेल मिसळलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी तळाशी बसतं, आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू संसार थाटतात. त्यांचा काळा, बुळबुळीत गाळ फिल्टरला चिकटतो. इंजिन उभं असतं तोवर कुणाला पत्ता लागत नाही. ऐन वेळी ते सुरू होतं, दोन घोट पितं आणि गुदमरतं.

म्हणून काका टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवत. मोकळी जागा राहिली की तिथे दमट हवा शिरते. तळाची तोटी उघडून काचेच्या बाटलीत नमुना घेत आणि पाण्याचा थेंब दिसला तर निवळ डिझेल येईपर्यंत सोडत राहत. जंतूंचं औषध मापून घालत. आणि दर आठवड्याला हॉस्पिटलचा भार इंजिनावर टाकून ते चांगलं तापेपर्यंत चालवत. जरा घरघर करून बंद केलेलं इंजिन म्हणजे आजाऱ्याला उठवून बसवायचं आणि पाणीही न पाजता परत निजवायचं, असं त्यांचं मत होतं.

बायको इंजिनाला सवत म्हणायची. “सवतीच्या पोटातलं पाणी काढून आलात? आता माझ्या पोटात काही घालायचंय, की मी अशीच चालते?” असं म्हणत ती ताटं घ्यायची. पण ताटावर बसण्याआधी एक परीक्षा असे. काका हात धुऊन तिच्या नाकापुढे धरत. डिझेलचा वास त्यांना स्वतःला कळत नसे. इतक्या वर्षांनी नाकानेच त्याला घरचा मानला होता. ती हुंगायची आणि निकाल द्यायची, “अजून येतोय.” काका मुकाट्याने परत साबण लावायचे. वास गेला असला तरी ही मुद्दाम परत पाठवते, असा त्यांचा दाट संशय होता. पण वरचं कोर्ट नव्हतं.

ती गेली त्या दुपारी लाईट गेली होती. इंजिन सुरू झालं. काका शेडमध्ये त्याच्याजवळ उभे होते. थोड्या वेळाने वरून फोन आला, ताबडतोब या.

बायकोची धाकटी बहीण तेव्हा आयसीयूच्या दाराशी होती. तिने काकांच्या लेकीला फोन केला आणि रडत म्हणाली, “आधी लाईट गेली गं, आणि मग ताई गेली.” तिच्या मनात काही नव्हतं. जे जसं झालं तसं तिने सांगितलं. पण दुसऱ्या गावाहून निघालेली लेक वाटभर तेवढं एकच घोकत आली. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की श्वासाच्या मशीनला स्वतःची बॅटरी असते, ते थांबलंच नव्हतं, हृदयच थकलं होतं. दुकानदार तराजूची शपथ घेतो तेव्हा आपण डोलावतो, तशी लेकीने मान डोलावली.

तेव्हापासून ती घरी होती. स्वयंपाक करायची, आईचे कपडे घड्या घालून ठेवायची. वडिलांशी बोलायची ते दूध आणि गॅस सिलिंडर यांच्याबद्दल. उद्या ती परत जाणार होती.

काकांना रडू आलं नव्हतं. लोक म्हणत, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! भूल दिलेल्या जागी टाका घालतात तेव्हा दोरा ओढलेला कळतो, दुखत मात्र नाही, तसं त्यांचं चाललं होतं.

फिल्टर फाडला त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पुढे धरले. लेकीने त्या हातांकडे पाहिलं.

“काय हवंय?”

“काही नाही,” म्हणून काकांनी हात मागे घेतले.

जेवणं झाली. भांडी विसळताना पाठमोऱ्या लेकीने विचारलं, “बाबा, खरं सांगाल? त्या दिवशी किती वेळ लागला?”

कशाला, हे काकांना विचारावं लागलं नाही. आकडा त्यांना पाठ होता. पण सांगितला असता तर तेवढ्या वेळात आईचे किती श्वास बसतात, हे ती जन्मभर मोजत बसली असती.

“उद्या सकाळी ट्रायल आहे,” ते म्हणाले. “गाडी पकडायच्या आधी ये.”

ती बॅग घेऊनच आली. शेडमध्ये बॅग टेकवायला जागा सापडेना, तेव्हा काकांनी स्टुलावर फडकं अंथरून ती वर ठेवली. त्यांनी आयसीयूला फोन केला, ऑपरेशन थिएटरला केला. दोन्हीकडून ‘करा’ असं आल्यावर बोर्डाच्या मोठ्या खटक्यावर हात ठेवला.

“आता दिवे जातील. भिऊ नकोस.”

शेडचा बल्ब गेला. पंख्याचा आवाज उतरत गेला. अंगणापलीकडे हॉस्पिटलच्या जिन्याची खिडकी काळी पडली. लेकीचा श्वास आत ओढला गेला. इंजिन खोकलं, गुरगुरलं, उभं शेड थरारलं. आणि तिने तो श्वास सोडायच्या आत दिवे आले होते.

त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती. इंजिन तापेपर्यंत ती दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. मग काकांनी भार काढला, इंजिन निवू दिलं आणि बंद केलं.

“त्या दिवशीही असंच?”

“असंच.”

कोपऱ्यात वर्तमानपत्रावर तो उलगडलेला कागद तसाच पडला होता. तिने तो उचलला. “हे काय आहे?”

“त्या दिवशीचा फिल्टर. फाडून बघितला.”

“मग?”

“साफ आहे.”

लेक हत्यारांच्या पेटीवर बसली. कागदाच्या चुण्या तिने पुन्हा घातल्या, पुन्हा उलगडल्या. कागदाचं डिझेल तिच्या बोटांना लागत होतं, पण तिने तो खाली ठेवला नाही.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “निदान उशीर तरी झाला असेल.”

“मलाही,” काका म्हणाले.

एवढं बोलून ते तोटीशी वाकले. बाटलीत नमुना घेतला, दारातल्या उजेडात धरला. तळाला काही नव्हतं. तरी बराच वेळ धरून ठेवला, मग परत ओतला आणि तोटी घट्ट केली. बाहेरच्या नळावर हात धुतले, पँटला पुसले आणि तिची बॅग उचलली. गाडीची वेळ होत आली होती.

“थांबा,” लेक म्हणाली.

तिने त्यांचा रिकामा हात धरला आणि नाकाशी नेला. घरात रोज ही परीक्षा होताना बघतच ती लहानाची मोठी झाली होती. तिने नीट, सावकाश हुंगलं.

“अजून येतोय.”

काकांनी बॅग खाली ठेवली. ते नळाकडे परत गेले आणि बोटांच्या बेचक्यांपासून पुन्हा साबण लावायला लागले.