पाहिलं कोणी

डेलने काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा खाली ओढला, रिकाम्या पितळी पुंगळीत बारूद पडली, आणि नेमकी तेव्हाच घरातून ब्रिटाने हाक मारली. दांडा वर सोडून तो आत पळाला.

गॅरेजच्या दारात उभी असलेली त्याची बायको मॅरिट हलली नाही. लेक तीन वर्षांची, हाक रडवी नव्हती. तिची नजर त्या पुंगळीवर होती. प्रत्येक वेळी दांडा ओढून झाला की डेल हाताने पुंगळ्यांची चकती एक घर पुढे सरकवायचा. या वेळी सरकवली नव्हती.

तो परत आला, बसला आणि त्याने दांडा पुन्हा ओढला. मग चकती सरकवली.

मॅरिटने तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळीच डेल सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाबा, ही गॅस बंद केलाय का ते तीनदा बघते. चौथ्यांदा मला बघायला लावते."

ही काडतुसं त्याच्या बाबांसाठी, आर्लोंसाठी होती. मिझूला शहरातल्या डॉक्टरांनी त्यांचा खांदा शिवला होता आणि बंदुकीचा मोठा धक्का वर्ज्य सांगितला होता. म्हणून निम्मीच बारूद. ओढ्याकाठच्या हरणापुरती. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडणार होता. नेहमीच्या मापात दुसरा घास पडला असता तर बारूद सांडून दिसली असती; या निम्म्या रिकाम्या पुंगळ्यांत तो निमूट मावत होता. दुप्पट बारुदीने बंदूकच फुटली असती, आणि तिला गाल लावून आर्लो असणार होते.

"माझ्या काडतुसं भरायच्या जुन्या चिमट्याने एव्हाना पन्नास झाली असती," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आर्लो म्हणाले. गुडघ्यावर त्यांचा जुना काटा होता, पितळी पारड्याचा.

"तुमच्या चिमट्याने गेल्या वर्षी एवढ्यात एक झालं होतं, बाबा. झाली बघा, चाळीस."

डेल काडतुसं डब्यात भरू लागला.

"डेल, त्यातल्या एकात बारूद दोनदा पडलीय," मॅरिट म्हणाली.

"कशात?"

"ब्रिटाने हाक मारली तेव्हा चकती सरकवली नव्हतीस."

"सरकवली असणार गं. हात आपोआप करतो."

"नाही सरकवलीस."

डेलने बाबांकडे पाहिलं, जणू ते हसतील. आर्लोंनी काटा टेबलावर ठेवला, फिरता पंखा बंद केला आणि पारडं बोटाने स्थिर केलं.

"सगळी काढ बाहेर," ते म्हणाले.

एकेक काडतूस पारड्यात गेलं. सगळ्यांच्या वजनात उन्नीस-बीसचा फरक. डेलच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येऊ लागलं. मॅरिट दारातूनच मोजत होती. एकतिसाव्याला काट्याची दांडी ठण् करून वर आदळली आणि तिथेच राहिली.

आर्लोंनी ते काडतूस गोळी सुटी करायच्या खास हातोडीने खोललं. पारड्यात दुप्पट बारुदीचा ढीग साचला. डेलचे कान लाल झाले होते.

"यंत्र परत करतो," तो शेवटी पुटपुटला.

"का? यंत्राने काय केलं? चाळीस एका तासात, वाईट नाही." आर्लोंनी खांदा चोळला. "चिमट्यानेही व्हायचं असं. मला दोनदा झालंय."

"मग?"

आर्लोंनी डब्यावर पांढरी पट्टी चिकटवली. फळीवरच्या जुन्या डब्यांवर अशाच पट्ट्या होत्या, वर आर्लो, खाली इंगा. गेल्या वर्षीच्या एकुलत्या डब्यावर मात्र खालची ओळ कोरी होती. इंगा म्हणजे सासूबाई; त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. मॅरिटला वाटायचं, दोन नावं म्हणजे म्हाताऱ्यांचं प्रेम असेल.

आर्लोंनी वर लिहिलं : भरलं – डेल. खाली लिहिलं : पाहिलं –

आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"इंगा त्या दारात उभी राहायची नाही, माझ्या शेजारी बसायची," ते म्हणाले. "तिचं स्टूल माळ्यावर आहे. डेल, काढ."

ब्रिटाने पुन्हा हाक मारली. डेलने आधी चकतीकडे पाहिलं, मग उठला.